संत्र्याच्या खोडावरची तपकिरी जाळी

प्रश्न : मी नागपुरात प्रतापनगरला राहते, शाळेत शिकवते. काटोलच्या अलीकडे आमची संत्र्याची दीडशे झाडं आहेत. सासऱ्यांनी बावीस वर्षांपूर्वी लावलेली. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि बाग आमच्याकडे आली. खरं सांगायचं तर कुणाकडेच आली नाही. यांची नोकरी फिरतीची, मी रविवारी जाते, एक गडी पाणी देतो. या पावसाळ्यानंतर पाहिलं तर निम्म्याहून जास्त झाडांच्या खोडावर आणि फांद्यांच्या बेचक्यात भुसा चिकटवल्यासारख्या तपकिरी जाळ्या आहेत. काही झाडांचे शेंडे वाळलेत, काहींच्या बुडातून डिंक येतो. गेल्या वर्षी आंबिया (हिवाळ्याअखेर फुलणारा बहार) कमी आला म्हणून उन्हाळ्यात ताण देऊन, म्हणजे पाणी तोडून, मृग (पावसाच्या सुरुवातीचा बहार) धरला, फळं आता लिंबाएवढी झालीत. एका दुकानदाराने एक बाटली आणि इंजेक्शनची सिरिंज दिली आहे, बाटलीवर नाव नाही. शेजारचे कास्तकार म्हणतात, तोडून टाका, लाकडाचे तरी पैसे येतील. मुलाने मोबाईलवर अमेरिकेतली पाइनची जंगलं दाखवली, सालीखालच्या भुंगेऱ्याने डोंगरच्या डोंगर लाल केलेले. हे तेच आहे का? आमची बाग जाईल का? विहिरीजवळचं झाड बाबांनी सगळ्यात आधी लावलं होतं. त्याची साल तीन बाजूंनी खाल्लेली आहे. निदान ते तरी वाचेल का?

उत्तर :

ताई, आधी त्या बाटलीचं बोलू. उघडली नसेल तर उघडू नका. गड्याच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवा आणि पुढच्या फेरीत दुकानात परत करा. ज्या बाटलीवर नाव नाही, त्यात काय आहे हे तुम्हाला कळत नाही, गड्याला कळत नाही, आणि उद्या कुणाला भोवळ आली तर डॉक्टरलाही कळणार नाही. साल खाणाऱ्या अळीच्या छिद्रात पूर्वी सर्रास डायक्लोरव्हॉस सोडायचे. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, तरी जुन्या सवयीने कुणीतरी ते मागतं आणि कुणीतरी देतं. तुमच्या बाटलीत तेच आहे असं मी म्हणत नाही. पण २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारता फवारता किती शेतकरी आणि शेतमजूर गेले, हे आपण विदर्भातल्या लोकांनी तरी विसरू नये. औषध घ्यायचंच झालं तर लेबल असलेलं, संत्र्यासाठी शिफारस असलेलं, पक्क्या बिलावर घ्या. आणि तुमच्या बागेला आज त्याची गरज आहे असं मला वाटत नाही.

तुम्ही वर्णन केलंय ती साल खाणारी अळी आहे, आपल्याकडे तिला इंडरबेला म्हणूनही ओळखतात. खात्री करायची असेल तर एखादा रविवार मुक्काम करा आणि अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन बागेत जा. दिवसा ती खोडात कोरलेल्या बोगद्यात बसून राहते. रात्री बाहेर येते आणि त्या तपकिरी जाळीच्या आडोशाने साल कुरतडते. ती जाळी म्हणजे रेशमाचा धागा, सालीचा भुसा आणि तिची विष्ठा यांचं छप्पर आहे. उघड्यावर ती खातच नाही. जाळी हलक्या हाताने उचललीत तर खाली खरवडलेली साल दिसेल, आणि जाळीचं एक टोक नेमकं एका छिद्रापाशी संपेल, बहुतेक वेळा दोन फांद्यांच्या बेचक्यात. छिद्र एक, अळी एक. पंचवीस जाळ्या म्हणजे पंचवीस अळ्या, हजारो नाहीत. ही मोजदाद आशेची आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

मुलाला सांगा, पाइनचा शत्रू वेगळा. तो भुंगेरा तांदळाच्या दाण्याएवढा, जेमतेम पाच मिलिमीटरचा. मादी साल कोरून आत शिरते आणि गंध सोडून बाकीच्यांना बोलावते. एकदुकटा असेल तर धट्टाकट्टा पाइन त्याला राळेत बुडवून बाहेर ढकलतो. झुंडीने आले की राळ पुरत नाही. शिवाय ते अंगावर बुरशी घेऊन येतात, तिच्यामुळे लाकूड निळसर पडतं, मुळांचं पाणी वर चढेनासं होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड लाल दिसतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या साथीत १.८ कोटी हेक्टरांहून जास्त जंगल सापडलं. कडाक्याच्या थंडीत सालीखालच्या अळ्या मरायच्या, हिवाळे सौम्य झाले आणि त्या जगू लागल्या. तिकडे भुंगेरा एकदा आत शिरला की वरून फवारून काही होत नाही. म्हणून जाणकार आधीच दाटी कमी करतात, अंगणातल्या झाडाला कोरड्या उन्हाळ्यात पाणी देतात आणि पोखरलेलं लाकूड सरपण म्हणून दुसऱ्या गावी नेऊ देत नाहीत. आपल्या शेजारी मध्य प्रदेशातल्या मंडला-दिंडोरीकडच्या सालवृक्षांच्या जंगलातही १९९० च्या दशकात खोडकिड्याची मोठी साथ आली होती. तिथली जुनी रीत मला फार आवडते. ताजे ओंडके तोडून त्यांची साल ठेचून ठेवायची, रसाच्या वासाने भुंगेरे गोळा होतात, मग गावकरी ते वेचून आणून देतात आणि मोजून पैसे घेतात.

तुमची अळी भुंगेऱ्याची नाही, पतंगाची आहे. ती झुंडीने हल्ला करत नाही, आणि तिची वर्षाला एकच पिढी होते. मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, फिकट तपकिरी पतंग बाहेर पडतात. ते दोन-चार दिवसच जगतात, पण तेवढ्यात मादी सालीच्या भेगांमध्ये अंडी घालून जाते. आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात आणि पुढचे नऊ-दहा महिने खात राहतात. म्हणजे तुम्ही आज पाहताय त्या अळ्या याच पावसाळ्यात जन्मलेल्या, अजून लहान, आणि त्यांचे बोगदेही उथळ. यांना काढायला ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखा दुसरा काळ नाही. तुम्ही वेळेवर लिहिलंत.

एक गोष्ट मात्र पाइनची आणि संत्र्याची सारखीच आहे, आणि ती ऐकायला जड जाईल. पोखरणारी कीड पडत्या झाडावर पडते. दोन वर्षं सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढली नाही, खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लागली नाही, भेगा वाढल्या, आणि वर लागोपाठ दोन बहारांसाठी झाडं ताणली. बावीस वर्षांचं झाड एवढं सोसून वर अळीलाही तोंड देऊ शकत नाही. तुम्हाला दोष देत नाही. घरात माणूस गेल्यावर बाग मागे पडते, माझ्या वडिलांच्या पश्चात आमचीही पडली होती आणि तेव्हा चाळीस झाडं गेली. फक्त उपाय बाटलीत शोधू नका, एवढंच म्हणतो.

आता काम. दोन माणसं आणि तीन रविवार लागतील. तुम्ही स्वतः हजर राहाच, कारण हे काम डोळ्यांचं आहे. एक वही, चुन्याचा डबा, गोणपाटाचे तुकडे, सायकलच्या चाकाची जुनी तार, कापूस, बाटलीच्या झाकणात मावेल एवढं पेट्रोल आणि घमेलंभर भिजवलेली चिकणमाती घ्या. प्रत्येक झाडाला चुन्याने नंबर टाका. खाली बुडापासून सुरुवात करून वर बेचक्यापर्यंत गोणपाटाने जाळी पुसून काढा. जाळी निघाली की छिद्र उघडं पडतं. तार आत घाला. बोगदा वाकडा असतो, थोडा वर, थोडा आत, म्हणून जोर न लावता फिरवत फिरवत सरकवा. पुढे जाईना झाली की दोन-तीनदा मागे-पुढे करा. तारेच्या टोकाला ओल लागली म्हणजे अळी मेली. कधी ती अख्खी बाहेर येते, राखाडी-तपकिरी, बोटाच्या दोन पेरांएवढी. शंका राहिली तर वाटाण्याएवढा कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये बुडवून, पिळून, छिद्रात ढकला आणि वरून चिखल थापून बंद करा. पूर्वी यासाठी रॉकेल वापरायचे, आता ते कुठे मिळतं! पेट्रोल छिद्रात ओतू मात्र नका, जिवंत सालीवर सांडू देऊ नका, आणि गडी विडी ओढत असेल तर त्याला या कामापासून लांबच ठेवा.

वहीत लिहा : झाड नंबर अमुक, छिद्रं इतकी. आठवड्याने परत जाल तेव्हा प्रत्येक झाडासमोर उभं राहायची गरज नाही. जिथे नवी ओलसर तपकिरी जाळी दिसेल तिथेच अळी जिवंत आहे, तेवढी पुन्हा करा. जुनी जाळी पुसून टाकायचं महत्त्व इथे कळतं, नाहीतर नवं-जुनं ओळखू येत नाही. जानेवारीच्या शेवटी आणखी एक फेरी. एप्रिलपूर्वी जेवढ्या अळ्या जातील, तेवढे पतंग मे महिन्यात कमी. एका मादीची अंडी शेकड्यांनी असतात, म्हणून सुटलेली एकेक अळी महाग पडते.

जाळ्या पुसून झाल्या की खोडाला बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात रात्रीच भिजत घाला, चुना दुसऱ्या बादलीत पाच लिटरमध्ये. सकाळी दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत ढवळत राहा. लोखंडी भांडं अजिबात नको. तयार पेस्टमध्ये लोखंडी खिळा थोडा वेळ धरा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घाला. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ब्रशने लावा, भेगांमध्ये नीट भरा. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, हे झालंच पाहिजे. पेस्टने अळी मरत नाही, तो तिचा उद्देशच नाही. सोललेल्या जागेतून बुरशी शिरू नये यासाठी ती असते.

बुरशीवरून त्या डिंकाकडे येते गोष्ट. तो अळीचा नाही, आणि मला अळीपेक्षा त्याचीच काळजी जास्त आहे. बुडाशी, जमिनीलगत, मधाच्या थेंबांसारखा डिंक येत असेल आणि तिथली साल खरवडल्यावर आत तपकिरी, कुजकी, आंबूस वासाची दिसत असेल, तर तो डिंक्या आहे, फायटोफ्थोरा बुरशीचा. आपल्या काळ्या भारी जमिनीत पाणी साचलं की तो येतोच. तुमचा गडी मोटार लावून एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी सोडत असणार आणि ते पाणी खोडाला टेकत असणार, हे मी न पाहता सांगू शकतो, कारण निम्म्या काटोल-नरखेडात तसंच चालतं. एका झाडाची बुरशी त्या पाण्याबरोबर ओळीतल्या शेवटच्या झाडापर्यंत जाते. खोडाभोवती मातीचं लहान आळं आणि त्याच्या बाहेर मोठं आळं करा, पाणी फक्त दोन आळ्यांच्या मधल्या जागेत. कलमाचा जोड मातीखाली गेला असेल तर माती बाजूला करून तो उघडा करा, निदान वीतभर वर दिसला पाहिजे. दोन ओळींच्या मधून उताराच्या दिशेने चर काढा. कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत काढा, खाली कापड अंथरून सगळा खरवडा गोळा करून जाळा, आणि जखमेवर तीच पेस्ट. एका झाडाचा चाकू दुसऱ्या झाडाला धुतल्याशिवाय लावू नका. डिंकाची झाडं दहा-बारांपेक्षा जास्त निघाली, तर बुडाची माती, बारीक मुळं आणि सालीचा तुकडा घेऊन अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जा. प्रतापनगरहून ते लांब नाही. देशभरातल्या लिंबूवर्गीय झाडांचं दुखणं बघणारी संस्था आपल्या शहरात आहे आणि आपणच तिथे जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

तोडायचं का? सगळी नाही. ज्या झाडाची साल चारही बाजूंनी, पूर्ण वळ्यासारखी गेली आहे, किंवा ज्याचा निम्म्याहून जास्त फांद्यांचा घेर वाळला आहे आणि वर बुडाशी डिंकही आहे, त्यावर पैसा घालू नका. माझा अंदाज आहे, दीडशेत अशी थोडीच निघतील. पण तोडलेलं लाकूड धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रचून ठेवू नका. ओंडक्याच्या आत अळ्या-कोष राहिले तर मे महिन्यात त्यातूनच पतंग उडतील आणि उरलेल्या झाडांवर बसतील. एप्रिल संपायच्या आत ते चुलीत किंवा भट्टीत गेलं पाहिजे. लाकडाच्या पैशांचं म्हणाल तर संत्र्याच्या लाकडाला भाव तो काय, सरपणाचा. त्यासाठी बावीस वर्षांची उभी झाडं जात नसतात, हे शेजाऱ्यांना माझ्या नावाने सांगा.

वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, मृगाची फळं निघाल्यावर काढा. वाळलेल्या भागाखाली दोन बोटं हिरवी फांदी घेऊन कापायची आणि कापलेल्या जागी पेस्ट लावायची. फक्त वाळकंच कापून खुंट ठेवला तर मर खाली सरकत राहते. सल काढून झाल्यावर, साधारण मार्चमध्ये, बागेवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी.

धुऱ्यावर बाभळी, बोरी, एखादा शेवगा, पेरू असेलच. या अळीला ती सगळी झाडं चालतात. तुमची बाग साफ झाली आणि धुऱ्यावरची बाभूळ जाळ्यांनी भरलेली राहिली, तर पुढच्या जूनमध्ये पहिले पाढे पंचावन्न. बाभूळ तोडू नका, तिच्यावर सुतार पक्षी येतो आणि तो फुकटात तुमचंच काम करतो. तिचीही छिद्रं त्याच तारेने साफ करा. शेजाऱ्यांच्या बागेतही जाऊन या. तोडा म्हणणाऱ्यांच्या झाडांवर जाळ्या नाहीत असं होणार नाही. दोन्ही बागा एकाच पंधरवड्यात साफ झाल्या तर मेहनत टिकते.

बहाराबद्दल मात्र माझं म्हणणं कठोर आहे. येत्या डिसेंबरमध्ये ताण नाही, पुढच्या मे महिन्यातही नाही. ज्या झाडांवर पाचापेक्षा जास्त छिद्रं सापडली, त्यांची मृगाची फळं आत्ताच निम्मी उतरवा. पैसे जातील, मला माहीत आहे. कळमन्याच्या बाजारात फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाच्या संत्र्याला काय भाव मिळतो तेही माहीत आहे. पण या झाडांना आता फळ पोसायचं नाही, साल भरून काढायची आहे. पाऊस संपल्यावर आळ्यात चांगलं कुजलेलं शेणखत झाडामागे चार-पाच घमेली घाला, पालापाचोळ्याचं आच्छादन करा, ते खोडापासून हातभर लांब. खतांचा हिशेब माती तपासून करा, शेजाऱ्याच्या पोत्यांवरून नाही.

आणि विहिरीजवळचं झाड. साल तीन बाजूंनी गेली म्हणता, म्हणजे चौथी बाजू शिल्लक आहे. ती तळहाताएवढी रुंद, खालपासून वरपर्यंत अखंड असेल, नखाने किंचित खरवडल्यावर हिरवी दिसत असेल, तर त्या पट्ट्यावर झाड जगू शकतं. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं आणि त्यासाठी तेवढी वाट पुरते. मात्र या झाडावर फळ एकही ठेवू नका. या झाडापासूनच सुरुवात करा, पहिल्या रविवारी, तार स्वतःच्या हातात घेऊन. खाल्लेल्या जागा कोरड्या कापडाने पुसा, कडेची सैल साल चाकूने सरळ करा, जोडापासून पहिल्या बेचक्यापर्यंत पेस्ट लावा. वाळलेल्या फांद्यांची घाई करू नका, फेब्रुवारीपर्यंत थांबा.

फेब्रुवारीत पालवी येईल तेव्हा ती कुठून फुटते ते बघा. कलमाच्या जोडाच्या वरून फुटली, तर ते तुमच्या बाबांचंच झाड आहे, त्यातला एक सरळ फुटवा राखा. जोडाच्या खालून फुटली, तर ती जंबेरीची, म्हणजे ज्या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधलं त्याची. दिसायला तीच जास्त जोमदार असते, काटे मोठे असतात, आणि झाड जगलं या आनंदात बरेचजण तिलाच वाढवत बसतात. पान चुरगळून वास घ्या. लिंबाचा आला तर तो फुटवा मुळाशी मोडून टाका.